उन्हातून आलेल्याला पाणी द्या, लगेच द्या

दर उन्हाळ्यात फिरणारा तो संदेश यंदा आमच्या आत्याच्या फोनवर पोचला. वर ‘डॉक्टरांचा इशारा’ असं लिहिलेलं, खाली एकाही डॉक्टरचं नाव नाही. त्यात म्हटलंय: पारा ४० वर गेला की थंड पाणी पिऊ नका, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. उन्हातून आल्यावर हातपाय धुवायला आणि आंघोळीला अर्धा तास थांबा, कारण एका माणसाने लगेच पाय धुतले आणि तो कोसळला. पुढचे पाच दिवस ‘इक्विनॉक्स’ आहे, १२ ते ३ बाहेर पडू नका. आणि खिशात कांदा ठेवा.

आत्याने हे मनावर घेतलं. जळगावच्या उन्हात क्रिकेट खेळून नातू घरी आला, तोंड लालबुंद, डोकं दुखतंय म्हणत होता. तिने त्याला पंख्याखाली कोरडंच बसवलं. ‘थांब बाळा, अंग निवू दे, मग पाणी.’ मायेपोटीच केलं तिने. पण उन्हाने डोकं दुखणाऱ्या पोराला पाण्यासाठी ताटकळत ठेवायला शिकवणारा मजकूर कोणीतरी लिहिला आणि शेकडो घरांनी तो न तपासता पुढे ढकलला, याचा मला संताप येतो.

तर आधी थंड पाण्याबद्दल. गार पाणी त्वचेला लागलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. आकसतात, फुटत नाहीत. दर हिवाळ्यात आपल्या हातापायांत हेच होतं. प्यायलेलं पाणी तर तोंडातून पोटात जाईपर्यंतच कोमट होऊ लागतं. फार गार पाणी घटाघटा प्यायलं तर कपाळात कळ येते, कोणाच्या पोटात मुरडा येतो. बर्फाच्या पाण्यापेक्षा माठातलं बरं वाटतं, तर तेच प्या. माझी काहीच हरकत नाही.

आता तो अर्धा तास. यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं, माणूस बरळतो, झोकांड्या खातो, शुद्ध हरपते. मेंदू, यकृत, मूत्रपिंड किती वेळ त्या तापमानात राहिले यावर जगणं-मरणं ठरतं. म्हणून उपचार एकच, लवकर थंड करणं. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या फॅल्मथ गावी ऑगस्टच्या उकाड्यात धावण्याची मोठी शर्यत होते. तिथल्या वैद्यकीय तंबूतल्या १८ वर्षांच्या नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. उष्माघाताचे २७४ रुग्ण, आतलं तापमान सरासरी ४१ अंशांच्या वर, आणि उपचार म्हणजे बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात बसवणं. २७४ पैकी २७४ जगले. गार पाण्याने नसा फुटत असत्या तर त्या तंबूत प्रेतांची रास लागली असती. पाय धुऊन कोसळलेल्या त्या माणसाचं नाव-गाव संदेशात कुठेच नाही. आणि तो खरोखर कोसळला असेल, तर उन्हामुळे कोसळला असण्याची शक्यता कितीतरी जास्त. पाय धुण्याआधीच त्याचं अंग तापलेलं होतं.

घरी टब नसतो. बादली आणि नळ तर असतो! माणूस बरळत असेल तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा ओले फडके ठेवा, आणि हे चालू असतानाच १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. शुद्धीवर असलेल्या, नुसत्या दमलेल्या मुलाला पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, ताक, ओआरएस, जे हाताशी असेल ते लगेच द्या.

इक्विनॉक्स म्हणजे दिवस-रात्र जवळपास समान असण्याची वेळ. ती मार्चच्या २०-२१ ला आणि सप्टेंबरच्या २२-२३ ला येते, एप्रिल-मेमध्ये पाच दिवस मुक्कामाला येत नाही. आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मे महिन्यात, मुंबईत १५ तारखेच्या सुमारास, नागपुरात २६ च्या. १२ ते ३ उन्हात जाऊ नये हे मात्र बरोबर आहे. सरकारी सूचनाही तेच सांगतात, आणि पाच दिवसांसाठी नव्हे, अख्ख्या उन्हाळ्यासाठी. मुलांचा खेळ सकाळी आणि उन्हं कलल्यावर; दुपारी बाहेर पडावंच लागलं तर टोपी किंवा डोक्याला उपरणं, सैल सुती कपडे, पाण्याची बाटली.

४० चा आकडा तर उलट फसवतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला जमलेल्यांपैकी दहाहून जास्त माणसं उन्हाने गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. कोकणात आणि मुंबईत ३६-३७ अंशही अंगावर येतात.

कांदा जेवणात खा. खिशातून तो काहीच करत नाही.

गार पाण्याचा एक खरा धोका आहे, तेवढा मी मान्य करतो. मे महिन्यात मनालीला गेलेली आपली माणसं बियासच्या काठी थांबतात आणि मुलं उत्साहाने पाण्यात उतरतात. ते वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं. त्यात एकदम उडी घेतली की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर माणूस बुडतो. काठावर बसून पाय बुडवू द्या, पण प्रवाहात उतरू देऊ नका.