तिकीट स्वस्त होतं म्हणून विमान बंद पडलं नाही

जळगावची विमानसेवा सुरू होऊन बंद का पडली, हा विषय निघाला की आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्यात चार दावे असतात: स्वस्तात तिकीट विकणारी कंपनी बुडणारच, खान्देशी माणूस विमानात बसत नाही, कंपन्या अनुदान खाऊन पळतात, आणि नव्या कंपन्यांचे मालक उधळे असतात. परवा तो मामांनीही पाठवला. त्यांना फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण यातला दुसरा दावा मला फार लागतो.

आधी स्वस्त तिकिटाचं. इंडिगो २००६ मध्ये स्वस्तातच सुरू झाली, आणि आज देशातल्या विमानप्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक तिच्याकडे आहेत. किंगफिशर थाटामाटाची होती, ती २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजही स्वस्तातली नव्हती, ती २०१९ मध्ये थांबली. फरक तिकिटात नाही, खर्चात आहे. भाव कुणीही पाडू शकतो. खर्च खाली आणायला पसारा मोठा लागतो. इंडिगोने पहिलं विमान उडायच्या आधीच, २००५ मध्ये, १०० एअरबस विमानांची मागणी नोंदवली होती. शंभर घेणाऱ्याला जो भाव मिळतो तो चार घेणाऱ्याला मिळत नाही, हे ठिबकच्या नळ्या घेणाऱ्यालाही ठाऊक आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं जे विमान जळगावात उतरलं, ते १९ आसनांचं होतं. त्यात पायलट दोन. १८० आसनांच्या एअरबसमध्येही पायलट दोनच. ते दोन पगार १९ जणांवर वाटून बघा, मग १८० जणांवर. विमानाचं भाडं आणि सुटे भाग डॉलरमध्ये, तिकीट मात्र रुपयात. वर मुंबईत विमानाच्या इंधनावर त्या काळी २५ टक्के व्हॅट होता. तो १८ वर आला २०२३ मध्ये.

आणि कमी भावात काही आसनं देणं हा मूर्खपणा नसतोच. उडालेल्या विमानातली रिकामी खुर्ची म्हणजे रावेर-यावलकडे झाडावरच पिवळा पडलेला केळीचा घड. तो उद्या विकता येत नाही.

आता आपल्या माणसाचं. केळी, सोनं, डाळ, पाइप, चटई यांचा धंदा करणारा हा मुलूख आहे. इथला व्यापारी मुंबईला आठवड्याला जातो. पण त्याच्याकडे रात्रीची रेल्वे आहे: संध्याकाळी दुकान वाढवून बसलं की सकाळी मुंबई. विमानाने त्याला जिंकायचं तर सकाळी नेलं पाहिजे, संध्याकाळी आणलं पाहिजे, आणि रोज. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. तिथे सोयीची वेळ मिळवताना छोट्या कंपनीच्या नाकी नऊ येतात. शिवाय ताफ्यात मोजकीच विमानं. एक बिघडलं की त्या दिवशीच्या सगळ्या फेऱ्या कोलमडतात. माझ्या ओळखीचे एक सराफ विमानाचं तिकीट हातात असूनही रात्रीच्या गाडीचं कन्फर्म तिकीट काढून ठेवायचे. अशा माणसाला ‘विमानात न बसणारा’ म्हणायचं? तो दोन तिकिटांचे पैसे मोजत होता.

अनुदान खाल्लं म्हणणाऱ्यांनी ‘उडान’चा, म्हणजे छोटी शहरं विमानाने जोडायच्या केंद्राच्या योजनेचा, हिशेब बघावा. त्यात साधारण निम्मी आसनं ठरलेल्या कमाल भाड्यात द्यावी लागतात, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला अडीच हजार रुपये. त्या बदल्यात तीन वर्षं तूट भरून मिळते, तीही झालेल्या फेऱ्यांवर. विमान जमिनीवर उभं राहिलं की अनुदानही थांबतं, भाडं आणि पगार थांबत नाहीत. ट्रूजेटने सप्टेंबर २०१९ मध्ये जळगावहून सेवा सुरू केली. सहा महिन्यांत कोरोनाची टाळेबंदी आली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पैशाअभावी कंपनीच थांबली. तीन वर्षंसुद्धा भरली नाहीत.

मालकांच्या उधळपट्टीचं थोडं खरं आहे, किंगफिशरपुरतं. पण गो फर्स्ट थाटाची नव्हती. मे २०२३ मध्ये ती थांबली तेव्हा तिची जवळपास निम्मी विमानं इंजिनांअभावी उभी होती. कंपनीने दोष इंजिन बनवणाऱ्याला दिला, त्याने तो नाकारला. त्याच बनावटीच्या इंजिनांमुळे इंडिगोचीही कित्येक विमानं उभी राहिली, पण तिच्याकडे उडायला शेकडो शिल्लक होती.

२०२४ मध्ये जळगावहून पुन्हा गोवा, हैदराबाद, पुण्याची विमानं सुरू झाली, तेव्हा गावात पहिला प्रश्न तिकीट केवढ्याला हाच होता. मामांना मी म्हटलं, त्याआधी हे विचारा: कंपनीकडे विमानं किती, आणि एक बिघडलं तर जळगावला दुसरं कुठून येणार?