डावीकडे माउंट कुक आहे, म्हणे

मुलगी म्हणाली, "आई, तू फक्त बसमध्ये बसायचंस. बाकी सगळं ते बघतात."

तिचं म्हणणं अगदी खरं निघालं. मी बसले, आणि बघायचं ते सगळं त्यांनीच बघितलं असणार, कारण मला काहीच दिसलं नाही.

मुलगी ऑकलंडला नोकरी करते. तिला रजा मिळत नव्हती, आणि मी बँकेतून निवृत्त झालेली, त्यामुळे माझ्याकडे रजेशिवाय काही नव्हतं. तेव्हा तिने मला एकटीलाच न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर फिरायला पाठवलं, तेही 'बॅकपॅकर बस'ने. हा शब्द मी 'बॅक'पर्यंतच ऐकला, इथेच घोटाळा झाला. माझी कंबर धरते हे पोरीला माहीत आहे, तेव्हा पाठीला चांगला आधार देणाऱ्या खुर्च्यांची बस असेल असं मी धरून चालले.

क्राइस्टचर्चच्या थांब्यावर पोचले तर पंचवीसेक पोरंपोरी उभी. प्रत्येकाच्या पाठीवर जवळजवळ स्वतःच्या उंचीची सॅक. माझ्याकडे चाकांची बॅग, आणि विमानतळावर पटकन ओळखू यावी म्हणून तिच्या मुठीला सावंतवाडीहून निघतानाच बांधलेली परकराची लाल नाडी. त्या घोळक्यात ती बॅग नाडीशिवायही ओळखू आली असती. ड्रायव्हर पंचविशीतला, भर गारठ्यात हाफ पँट घातलेला. त्याने बॅग उचलून बसच्या मागच्या ट्रेलरमध्ये टाकली आणि म्हणाला, "वेलकम, लीजंड!" चौतीस वर्षांच्या नोकरीत मला दंतकथा कुणी म्हटलं नव्हतं. मी जरा ताठ होऊन चढले. पुढे पेट्रोल भरणाऱ्या माणसालाही तो लीजंडच म्हणाला, तेव्हा पुन्हा वाकले.

बस सुटली आणि माइक फिरू लागला. प्रत्येकाने नाव, देश आणि स्वतःबद्दलची एक भन्नाट गोष्ट सांगायची. आयर्लंडच्या मुलीने पिंजऱ्यात बसून शार्क बघितला होता. एक जर्मन पोरगा हॅम्बुर्गहून इस्तंबूलला सायकलने गेला होता. माइक माझ्यापर्यंत येईतो मी आयुष्य दोनदा चाळून काढलं. शेवटी म्हटलं, "मी कॅश काउंटरला अकरा वर्षं होते आणि एकदाही तूट आली नाही." तीन सेकंद शांतता. मग जोरात टाळ्या. पहिल्या यत्तेतल्या मुलाने कविता अर्धवट म्हटली की पडतात ना, तशा.

पहिल्या दिवशी आर्थर्स पास ओलांडला. उंची ९२० मीटर. तिथे किया नावाचा डोंगरी पोपट असतो, हिरवट, मांजराएवढा, आणि गाड्यांचं रबर खाण्याची त्याला भारी हौस. आमच्या आंबोलीच्या घाटात माकडं हातातलं कणीस पळवतात. हा शेवटी परदेशातला पक्षी, कणसात मन रमत नाही. आमच्या बसच्या वायपरचं रबर त्याने चवीने ओढून बघितलं, सगळ्यांनी कौतुकाने फोटो काढले. पुढे दोन दिवस त्या वायपरवर आमची काय मदार असणार आहे, हे तेव्हा फक्त कियाला ठाऊक असावं.

घाट उतरून पश्चिम किनाऱ्याला लागलो आणि पाऊस सुरू झाला. "बिट ऑफ वेदर," ड्रायव्हर म्हणाला. थोडं हवामान! हवामान थोडं कसं असेल? दोन दिवसांत या भाषेचा उलगडा झाला. 'बिट ऑफ वेदर' म्हणजे समोरचं दिसत नाही. 'फेअर बिट ऑफ वेदर' म्हणजे आजूबाजूचंही दिसत नाही. आणि तो नुसताच "हम्म" म्हणाला की हॅण्डल घट्ट धरायचं.

मुक्काम फ्रान्झ जोसेफला. तिथे हिमनदी आहे. तिचं माओरी नाव 'का रोइमाता ओ हिने हुकातेरे', म्हणजे हिने हुकातेरेचे अश्रू. तिचा प्रियकर हिमकड्यात सापडून गेला, ती रडत राहिली आणि ते अश्रू गोठून हिमनदी झाली, अशी कथा. आम्ही पोचलो त्या रात्री नवीन अश्रू गोठायला तयार नव्हते. हिमनदी इतकी मागे हटली आहे की २०१२पासून बर्फावर पायी चढता येत नाही, हेलिकॉप्टरनेच जावं लागतं, आणि ढगात हेलिकॉप्टर उडत नाही. बसमध्ये एक क्लिपबोर्ड फिरायचा. कुणी काय करणार, त्यापुढे खूण करायची: हेलिकॉप्टर, विमानातून उडी, पुलावरून उडी. सकाळी पोरं उत्साहाने खुणा करत, दुपारी ड्रायव्हर त्या खोडत असे. माझ्या नावापुढचा रकाना पहिल्यापासून कोरा. अख्ख्या बसमध्ये ताळेबंद जुळलेली मी एकटी.

आठ जणांच्या खोलीत मला वरचा पलंग मिळाला. शिडी चढताना गुडघे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि कबूल करते, मला तिथे माझ्या घरापेक्षा छान झोप लागली. कारण तो आवाज घरचाच होता.

सकाळी फॉक्सकडे, म्हणजे पुढच्या गावाकडे, निघालो. फ्रान्झ जोसेफ ते फॉक्स अंतर जेमतेम २५ किलोमीटर, पण रस्ता तीन खिंडी चढतो-उतरतो आणि एका वळणाची दुसऱ्याशी ओळख होईपर्यंत तिसरं येतं. सायकलने इस्तंबूल गाठलेला जर्मन तिसऱ्या वळणाला पांढरा पडला, सातव्याला हिरवा. बस लागणं हा आमच्या घराण्यात चार पिढ्यांचा विषय आहे, मी लगेच ओळखलं. त्यातून एसटीच्या खिडक्या बंद होत नाहीत, पण या बसच्या उघडतच नव्हत्या. वेळ दवडून चालणार नव्हतं. पर्समधून आलेपाक काढला, एक वडी त्याच्या तोंडात सारली, वर आवळासुपारी दिली आणि "समोर बघ, फोनमध्ये नको" असा मराठीतून दम भरला. तो ऐकला त्याने! दम कुठल्याही भाषेत कळतो. दहा मिनिटांत पोरगा माणसात आला. मग मागच्या सीटवरून एकेक हात पुढे येऊ लागले. ऑकलंडच्या विमानतळावर ही डबी मी रीतसर जाहीर केली होती, कारण खाण्याचं काही लपवलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. अधिकाऱ्याने भाजणीच्या पिशवीकडे बोट दाखवून "हे कशाचं पीठ?" असं विचारलं होतं आणि मी सांगू लागल्यावर चौथ्या धान्याला "पुरे" म्हणाला होता. आवळासुपारी हुंगून त्याने परत दिली. त्या भल्या माणसामुळे एक अख्खी बस स्वच्छ राहिली, हे त्याला कधीच कळणार नाही.

फॉक्सजवळ मॅथेसन नावाचं तळं आहे. त्यात माउंट कुकचं आरशासारखं प्रतिबिंब पडतं म्हणून ते प्रसिद्ध. माउंट कुक, म्हणजे आओराकी, ३,७२४ मीटर, देशातलं सर्वांत उंच शिखर. ड्रायव्हर माइकवर म्हणाला, "डावीकडे माउंट कुक आहे." पंचवीस माना डावीकडे वळल्या. डावीकडे काचेवर वाफ होती. मी ओढणीने काच पुसली. आता वाफेऐवजी धुकं दिसू लागलं. तरी पोरांनी फोटो काढले, म्हणून मीही काढले.

तळ्यापर्यंत चालत गेलो. डोंगरच नाही म्हटल्यावर प्रतिबिंब कुठून येणार? पावसाच्या थेंबांनी तळं शहारत होतं, एवढंच. कॅफेत त्याच दृश्याची पोस्टकार्डं होती, निळं आकाश, पांढरं शिखर, खाली तेच उलटं. मी एक विकत घेतलं, जिथे डोंगर असायला हवा होता तिथे ते हात लांब करून धरलं आणि एक डोळा मिटून बघितलं. माझ्यामागे सहा जणांची रांग लागली. प्रत्येकाला दोन मिनिटं माउंट कुक बघायला दिला. वळून पाहिलं तर ड्रायव्हरही रांगेत.

माझं दुःख वेगळं होतं. सावंतवाडी ते गडहिंग्लज मी चार वर्षं आंबोली घाटातून एसटीने ये-जा केली आहे, सोमवारी पहाटे जायचं, शनिवारी परत. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. या बेटावरच्या प्रसिद्ध मिलफर्ड साउंडला साडेसहा हजारांच्या वर. म्हणजे बारा हजार किलोमीटर विमानाने जाऊन, मुलीचे डॉलर मोजून, मी थोडा कमी पाऊस बघायला आले होते. धुकं तर हुबेहूब तेच. आंबोलीत ते अर्ध्या तिकिटात दिसतं, आणि सोबत गरम भजी.

भज्यांची आठवण हास्टला फारच आली. दुपारी तिथे पोचलो तर पुढे दरड कोसळलेली. ते लोक तिला 'स्लिप' म्हणतात, जणू डोंगराचा पाय जरासा घसरला. नारिंगी जाकिटातल्या बाईंनी सांगितलं, रस्ता बंद, दोन-तीन तास लागतील. गाड्यांची रांग लागली आणि एकानेही हॉर्न वाजवला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. आपल्याकडे घाट बंद पडला की दहाव्या मिनिटाला चहाची किटली येते, विसाव्याला कणसं, आणि अर्ध्या तासात "मी जेसीबीवाल्याला ओळखतो" म्हणणारा एक माणूस गाडीतून उतरतो. इथे काहीच नाही. सगळे आपापल्या गाडीत पुस्तक वाचत बसलेले. अशाने रस्ता उघडेल कसा?

हास्ट पासचं माओरी नाव तिओरिपाटेआ. अर्थ 'मोकळी वाट'. ही माहिती ड्रायव्हरने बंद रस्त्यासमोर उभं राहून, चेहरा जराही न हलवता दिली. इंग्रजी नाव युलियस फॉन हास्ट या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचं. हे ऐकून आमच्या जर्मनाने सगळ्यांची माफी मागितली.

वेळ जाईना म्हणून मी पत्ते काढले आणि पोरांना भिकार-सावकार शिकवला. नियमांना इंग्रजी लागत नाही, हावरटपणा पुरतो. तासाभरात आयर्लंड सावकार, हॉलंड भिकार, आणि बसमध्ये "भीकाऽऽर!" अशा आरोळ्या. याच खेळात पैज लागली. जर्मन फोन दाखवून म्हणाला, सगळ्या बेटावर पावसाचं चित्र आहे, रात्रीच्या मुक्कामी वानाकालाही भिजणार. मी म्हटलं, घाट ओलांडला की ऊन पडेल.

इथे मात्र मी माझ्या कार्यक्षेत्रात होते. समुद्रावरून पश्चिमेचा वारा येतो, डोंगराला आपटून वर चढतो, थंड होतो, सगळं पाणी अलीकडेच सांडतो आणि रिकाम्या हाताने पलीकडे उतरतो. सह्याद्री असो की सदर्न आल्प्स, वाऱ्याला नकाशा कळत नाही. आंबोलीत निथळणारी माझी छत्री गडहिंग्लजपर्यंत वाळलेली असायची. इथेही पलीकडे ओटागोत अलेक्झांड्राला वर्षाला जेमतेम साडेतीनशे मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्या माण-खटावपेक्षा कमी. आणि हास्ट पास तो केवढा? ५६४ मीटर. आंबोलीपेक्षा बुटका! हरेल त्याने रात्री सगळ्यांची भांडी घासायची, असं ठरलं. हस्तांदोलन झालं, आयरिश मुलगी साक्षीला.

साडेतीनला वाट मोकळी झाली. चढताना दोन्ही बाजूंनी धबधबे, कुठे एखादा थेट रस्त्याच्या कडेला. ड्रायव्हर एकदा "हम्म" म्हणाला. मी रामरक्षा सुरू केली. 'पातु'पर्यंत आले असेन नसेन, तोच पास मागे पडला, झाडी विरळ झाली, आणि मकारोराच्या पुढे ढग जणू कुणी कात्रीने कापावा तसा संपला.

ऊन! उजवीकडे वानाका तळं, निळंशार, पलीकडे बर्फाचे डोंगर. पुढे एका चिंचोळ्या खिंडीतून बस दुसऱ्या तळ्यावर गेली, तेव्हा डावीकडे हावेया. पोस्टकार्डाची गरजच नाही! मी विजयी मुद्रेने मागे वळले.

अख्खी बस झोपली होती. तोंडं उघडी, माना लोंबलेल्या, जर्मन काचेला गाल चिकटवून. साक्षीदार आयरिश मुलगी तर घोरत होती. मी खाकरले. पर्स पाडली. आलेपाकाची डबी वाजवली. कुणी हललं नाही. दोन दिवस धुक्याकडे डोळे फाडून बघणारी ही पोरं, दिसायला लागल्याबरोबर झोपली. पुरावा म्हणून फोटो काढावा तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. उघडून बघितलं, धुक्याचे एकशेऐंशी फोटो.

"उजवीकडे..." ड्रायव्हरने सवयीने माइक घेतला.

"दिसतंय मला, बाळा," मी म्हटलं.

वानाकात पोचेपर्यंत मागचे ढग एखादा घाट चुकवून आलेच. बस थांबायला आणि चार थेंब पडायला एकच गाठ. जर्मनाने डोळे चोळले, खिडकीबाहेर बघितलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, "सॉरी." मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो म्हणाला, "मी रस्ता बघत होतो, लीजंड."

रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात सव्वीस ताटल्या आणि एक करपलेलं पातेलं घासलं. सिंकच्या वर मोठी खिडकी होती. बाहेर तळं होतं, म्हणे.