मंगळावर लेझरने जीव सापडला? दाव्यातला एकेक मुद्दा

‘नासाच्या रोव्हरने लेझर मारून मंगळावर जीवसृष्टी शोधली आणि दडवली’ असा संदेश सध्या फिरतोय. सोबत ‘चेयावा फॉल्स’ या ठिपकेदार खडकाचा फोटो. फोटो खरा आहे, दावा नाही.

‘लेझरला कार्बन दिसला, म्हणजे जीव.’ पर्सिव्हरन्स या त्या रोव्हरवरच्या सुपरकॅम उपकरणाचा लेझर सात मीटरपर्यंतच्या खडकावरचा बारीकसा ठिपका तापवून त्याचा प्लाझ्मा, म्हणजे तापलेला चमकता वायू, करतो. त्या प्रकाशातून मूलद्रव्ये कळतात. रेणू तोवर फुटलेले असतात. चांद्रयान-३ च्या प्रज्ञानने २०२३ मध्ये चंद्रावरचे गंधक याच तंत्राने ओळखले. त्यातून मंगळाची हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ठिणगी त्या हवेतच पडते, म्हणून त्या प्रकाशात कार्बनची खूण कुठल्याही दगडावर उमटू शकते.

‘शेरलॉकने सेंद्रिय रेणू पकडले.’ हे अर्धे खरे. रोव्हरच्या हाताच्या टोकाला असलेले शेरलॉक हे उपकरण २४८.६ नॅनोमीटरचा अतिनील लेझर ०.१ मिलिमीटरच्या ठिपक्यावर टाकते आणि रामन प्रकाश (रेणूंवरून विखुरताना रंग किंचित बदललेला प्रकाश) व प्रतिदीप्ती (लेझर पडल्यावर पदार्थाने दिलेली चमक) दोन्ही टिपते. प्रतिदीप्ती ठळक असते, पण फसवी: ३४० नॅनोमीटरजवळची चमक फॉस्फेट खनिजातल्या सिरियम या धातूचीही असू शकते. रामन प्रकाशातली कार्बनची पट्टी जास्त भरवशाची, पण ती उल्कांतून आलेल्या कार्बनचीही असते. त्यात नेम चुकला की सिग्नलच हरवतो. जानेवारी २०२४ मध्ये शेरलॉकचे धूळझाकण अर्धवट उघडे अडकले आणि लेझर बंद ठेवावा लागला. शेवटी जूनमध्ये हात पाव-पाव मिलिमीटर सरकवत नवे फोकस शोधले, ते खडकापासून सुमारे ४० मिलिमीटरवर सापडले. चेयावा फॉल्सची तपासणी त्यानंतरच्या महिन्यात, जुलैत झाली.

‘व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट फक्त जिवाणूच बनवतात.’ नाही. खडकावरच्या ठिपक्यांत ही लोहयुक्त खनिजे (पहिले फॉस्फेट, दुसरे गंधकाचे) असावीत हे मुख्यतः पिक्सल या क्ष-किरण उपकरणामुळे कळले, लेझरमुळे नव्हे. पृथ्वीवर ती सूक्ष्मजीवांच्या कामातून बनतात, तशी जीवाविनाही बनतात. जीवाविना बनायला बहुधा जास्त उष्णता लागते, आणि या खडकात तशा उष्णतेच्या खुणा नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांची उत्सुकता रास्त आहे. तरी सप्टेंबर २०२५ च्या ‘नेचर’मधल्या शोधनिबंधात शब्द आहे तो ‘संभाव्य’ जैवखूण, म्हणजे जिवाची असू शकेल अशी खूण.

‘दडवले.’ तो निबंध छापलेला आहे, रोव्हरची कच्ची छायाचित्रे नासाच्या संकेतस्थळावर आहेत. अडले आहे ते नमुन्यापाशी. या खडकातून काढलेला ‘सफायर कॅनियन’ हा गाभा अजून मंगळावरच आहे, आणि जीव की जीवाविना हे ठरवायला उपयोगी असे, लोह-गंधकाच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) बारीक मोजमाप करणारे यंत्र रोव्हरवर नाही.