चिंगीचे सहा खोके

आज सकाळपासून डोकं तापलंय. मैदानावर अकरावी-बारावीतला एक मुलगा आपलं गावठी कुत्रं घेऊन तिथल्या ट्रेनरकडे आला होता. वासावरून वस्तू शोधायला शिकवायचंय म्हणाला. तर उत्तर काय? ‘आधी ८,००० चं किट घे. आणि या जातीकडून फार अपेक्षा ठेवू नकोस.’ पोराचं तोंड एवढंसं झालं हो.

जात? आमची चिंगी कचराकुंडीपाशी सापडलेली. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसायची, ताटलीपर्यंतसुद्धा यायची नाही. मी चपलांच्या दुकानातून सहा रिकामे खोके आणले, एकात सुकट ठेवली. तीन दिवस ती जागची हलली नाही. चौथ्या दिवशी नाकपुड्या हलल्या, मान वळली, एकेक खोका हुंगत गेली आणि पाचव्यात तोंड खुपसलं. महिन्याभराने तिची शेपटी हलली.

१९९३ मध्ये मुंबईत आरडीएक्स शोधणारा पोलिसांचा कुत्रा जंजीर लॅब्रेडॉर होता, मान्य. पण या पोराला कुठे बॉम्ब शोधायचेत?

चिंगीचं पुढचं सामानही भंगारातलंच. प्लंबरने टाकलेले पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे, त्यांत घट्ट बसतील अशा पत्र्याच्या डब्या. डबीला खिळ्याने भोकं बाहेरून आत पाडायची, म्हणजे धार आत राहते, नाकाला लागत नाही. कापसाचा बोळा दोन लवंगांबरोबर बरणीत दिवसभर बंद ठेवायचा, मग चिमट्याने एका डबीत. हाताने नाही! नाहीतर कुत्रं तुमचा हातच शोधतं. बाकीच्या डब्यांतही साधा कापूस हवा, नाहीतर ते कापूस शोधायला शिकतं. लवंग मात्र त्याच्या तोंडी जाता कामा नये. एवढंच. यात ८,००० कुठे आले?

कोणी म्हणेल, पुठ्ठ्यात वास मुरतो, खोके बदलत राहावे लागतात, विकतच्या स्टीलच्या डब्या टिकतात. असेल. चपलांच्या दुकानाबाहेर खोके रोज पडलेले असतात.

शेवटी शेवटी चिंगीला उभं राहवत नव्हतं. मी खोके तिच्या अंथरुणाशी मांडायचे, ती पडल्या पडल्या नाक फिरवायची आणि बरोबर खोक्यावर पंजा ठेवायची.

मी त्या मुलाला गाठायला धावले, पण तो गेला होता. कुत्रं पांढरं, डाव्या कानावर काळा ठिपका. कोणी ओळखत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. पाइपचे सात तुकडे आणि डब्या माळ्यावर आहेत, चिंगी गेल्यापासून काढल्या नाहीत. सगळं घेऊन जाऊ दे. तो पाचवा खोका तेवढा मी ठेवणार आहे.