खुलासा : प्लॅस्टिकच्या सैनिकांना नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका

टेबलटॉप वॉरगेमिंगचे (टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांचे) छोटे सैनिक नव्याने रंगवू लागलेल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘रंग बिघडला? सैनिक रात्रभर नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवा, सकाळी नव्यासारखा.’

हे फक्त धातूच्या सैनिकांपुरतं खरं आहे. शिसं किंवा व्हाइट मेटलला (कथिलाच्या मिश्रधातूला) रिमूव्हरमधलं ॲसिटोन काही करत नाही. पण वॉरहॅमरसारख्या खेळांचे आजचे बहुतेक सैनिक पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकचे असतात आणि ॲसिटोनमध्ये पॉलिस्टायरिन विरघळतं. खात्री करायची तर सैनिक कापून उरलेल्या स्प्रूचा (प्लॅस्टिकच्या चौकटीचा) तुकडा त्यात टाकून बघा. मी टाकला, तर आधी कडा गोलसर झाल्या, मग काडीने दाबल्यावर च्युइंगमसारखा चिकट लगदा. चेहरा, बोटं, पट्ट्याचं बक्कल यांचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. ‘ॲसिटोन-फ्री’ बाटलीही नको. तिच्यात बहुधा इथाइल ॲसिटेट असतं, तेही पॉलिस्टायरिन खातं.

ॲक्रिलिक रंगासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. थोडा वेळ भिजवून मऊ टूथब्रशने घासा, साबणाच्या पाण्याने धुवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस पेटता नको. सैनिक रेझिनचा असेल तर आधी तळाशी थोडं लावून बघा. खरं तर नवशिक्यांचा रंग बऱ्याचदा काढावाच लागत नाही. पहिला थर पातळ असेल तर वरून दुसरा खुशाल द्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवून झाला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.