बागेतला वास आणि बाथरूममधलं ॲसिड

मंगळवारी रात्री साडेनऊला आईचा फोन आला. एरवी त्या वेळी ती मालिका सोडून कुणाशी बोलत नाही.

"अगं, ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड, दोन्ही एक-एक वाटी टाकायचं लिहिलंय. पण वाटी कुठली? आमटीची की तेलाची?"

मी तिला आधी ॲसिडची बाटली गॅलरीत आणि पावडरचा डबा ओट्याखाली ठेवायला लावला. दोन्ही ठिकाणं लांब आहेत याची खात्री करून घेतली आणि मग म्हटलं, आता तो मेसेज पाठव.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पुण्याच्या कडेला ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एका संकुलात राहते. दोनेकशे फ्लॅट, मध्ये मोठी बाग, मागच्या भिंतीला लागून एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करायचा प्लांट. त्यातलं पाणी बागेला जातं. मी स्वतः बावीस वर्षं याच मैलापाण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे मेसेज वाचताना माझं डोकं इतरांपेक्षा जरा जास्तच तापलं असेल.

मेसेज 'सावधान ज्येष्ठांनो!' असा सुरू होतो. म्हणणं थोडक्यात असं: बागेत येणारा वास म्हणजे विषारी वायू आहे, तो सहा महिने हुंगला की फुप्फुसं निकामी होतात. परदेशात असं पाणी बागेला द्यायला बंदी आहे. डेंग्यू याच पाण्यातून येतो. तुळस आणि कढीपत्ता विटाळतो. मग उपाय: रात्री एसटीपीचा ब्लोअर बंद ठेवायला लावा म्हणजे 'गॅस बनणार नाही', दर रविवारी प्रत्येक घरानं मोरीत एक वाटी ॲसिड आणि एक वाटी ब्लीचिंग ओता, आणि बागेत जाताना कापूर-लवंगेची पुरचुंडी नाकाशी धरा. शेवटी अर्थातच, 'किमान दहा ज्येष्ठांना पाठवा'.

पुरचुंडी सोडून देते. कोविडच्या दुसऱ्या लाटेतही ती ऑक्सिजन वाढवत होती म्हणे. कुणाचा वाढला ते कळलं नाही.

पण त्या दोन वाट्या सोडून देता येत नाहीत. संडास धुवायच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचिंग पावडरमध्ये हायपोक्लोराइट असतं. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला होता. आईची मोरी चार बाय सहाची आहे, खिडकी म्हणजे वरची एक झडप, आणि ती थंडी लागते म्हणून बंद. तिथे गुडघे धरून वाकलेली अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई ॲसिडवर पावडर ओतणार. बागेतल्या वासापासून वाचवायला निघालेला मेसेज माणसाला घरातच विषारी वायू बनवायला सांगतो, आणि तो दोनशे घरांत फिरतोय. त्यातली कित्येक घरं एकट्या माणसाची आहेत.

बरं, समजा कुणाला काही झालं नाही. तरी ते ॲसिड आणि ते क्लोरीन जातं कुठे? खाली, एसटीपीच्या टाकीत. तिथे मैला खाणारे जिवाणू पाळलेले असतात. हो, पाळलेलेच. माझ्या ऑपरेटर पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगते की ही टाकी म्हणजे गोठा आहे, वेळेवर हवा आणि चारा मिळाला नाही तर जनावर मरणार. दोनशे घरांनी एकाच रविवारी जंतुनाशक ओतलं तर सोमवारी तो गोठा अर्धा रिकामा होणार. मग मंगळवारी बागेत जो वास येईल तो मात्र खरोखर एसटीपीचाच असेल, आणि मेसेजवाले म्हणतील, बघा, सांगत होतो की नाही. शिवाय साचलेल्या काळ्या गाळात ॲसिड मिसळलं की त्यात बांधलेला हायड्रोजन सल्फाइड मोकळा होतो. सडक्या अंड्याचा वास ज्याचा, तोच हा वायू. ज्याची भीती घातली, तोच वाटीवाटीनं बाहेर काढायची ही सोय.

आता त्या वायूबद्दल. वास आला म्हणजे विष पोटात गेलं, ही समजूत मेसेज लिहिणाऱ्याचीच आहे असं नाही, बऱ्याच शहाण्या माणसांची असते. मी इथे एकच तक्ता पुढे ठेवते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याचा, म्हणजे ओशाचा, हायड्रोजन सल्फाइडवरचा. आमच्या धंद्यात तो भिंतीवर लावलेला असतो. माणसाच्या नाकाला हा वास दहा लाख भागांत ०.०१ ते १.५ भाग एवढा वायू असला तरी कळायला लागतो. २ ते ५ भागांत बराच वेळ राहिलं तर मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणं. १०० भागांना खोकला, डोळ्यांची आग, आणि काही मिनिटांत नाकच बधिर होतं. ७०० ते १००० भागांना एक-दोन श्वासांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत मृत्यू.

म्हणजे नाक भलतंच तिखट आहे. त्रास सुरू व्हायच्या खूप आधी ते ओरडायला लागतं. आणि जिथे खरा धोका असतो तिथे ते गप्प बसतं. उघड्या बागेत, वारा असताना, पाण्याच्या फवाऱ्यातून येणाऱ्या वासाचा मारक पातळीशी दुरूनही संबंध नाही. हा वायू हवेपेक्षा जड आहे, तो टाकीच्या तळाशी आणि मॅनहोलमध्ये साचतो. मरतो तो टाकीत उतरलेला माणूस, आणि त्याच्या मागोमाग त्याला काढायला उतरलेला दुसरा. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा-साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपये केली. तरी बातम्या येतच असतात. आईच्या ग्रुपवर त्यातली एकही कधी फॉरवर्ड झाली नाही. तिथे चिंता आहे ती संध्याकाळच्या फेरफटक्याची.

एक मान्य करायला हवं, मनाविरुद्ध का होईना. त्याच तक्त्यात २ ते ५ भागांच्या ओळीत लिहिलंय की काही दमेकऱ्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो. आईच्या शेजारच्या काकांना दमा आहे. त्यांचं बाकडं एसटीपीच्या झाकणापासून पंधरा पावलांवर आहे, आणि ते झाकण तुटलेलं आहे. बागेतल्या वाऱ्यात दोन भागसुद्धा होत नसणार, पण काकांनी बाकडं बदलावं, आणि कमिटीनं झाकण. आणि वास आला की तो आलाय हे मान्य करावं. 'तुमचा भास आहे' असं सेक्रेटरींनी तिथल्या एका काकूंना सांगितलं, तिथूनच हा मेसेज चालायला लागला असं मला वाटतं.

ब्लोअर बंद करायचा सल्ला वाचून तर मी फोन बाजूलाच ठेवला. ब्लोअर टाकीत हवा सोडतो. हवा असते तोवर जिवाणू मैला खाऊन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतात. चांगल्या चाललेल्या टाकीचा रंग तपकिरी असतो, आणि खरं सांगते, तिला ओल्या मातीसारखा वास येतो. ब्लोअर काही तास बंद राहिला की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, हवेशिवाय जगणारे दुसरे जिवाणू कारभार हातात घेतात, आणि ते हायड्रोजन सल्फाइड करतात. टाकी काळी पडते. म्हणजे गॅस बनू नये म्हणून जे करायला सांगितलंय, त्यानंच गॅस बनतो.

मी शनिवारी गेले तेव्हा ऑपरेटरला विचारलं. लातूरकडचा पोरगा आहे, आधी बोलेना. मग म्हणाला, "मॅडम, रात्री दहा ते सकाळी सहा बंदच ठेवतो. बी विंगमधून आवाजाची तक्रार आहे. वर लाईट बिल." ही झाली गोम! मेसेजनं सुचवायच्या आधीपासून उपाय चालूच होता, आणि वास त्याच उपायाचा होता. पाच हॉर्सपॉवरची मोटर, आठ तास, म्हणजे सुमारे ३० युनिट. एवढ्यासाठी दोनशे घरांनी नाक धरून बसायचं.

बागेच्या पंपाचंही तेच. तो बंद ठेवला आणि शुद्ध केलेलं पाणी टाकीत दोन-तीन दिवस नुसतं उभं राहिलं की तेही कुबट होतं, आणि कारंजी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं घाण वास येतो. तो या पाण्याचा दोष नाही, ते साठवण्याचा आहे.

परदेशात बंदी? कॅलिफोर्नियात 'टायटल २२' नावाचे नियमच आहेत या पाण्याचे. नीट गाळून निर्जंतुक केलेलं पुनर्वापराचं पाणी तिथे उद्यानांना, शाळांच्या मैदानांना, घरांभोवतीच्या हिरवळीला देता येतं. पिण्याच्या नळाशी गल्लत होऊ नये म्हणून त्याचे पाइप जांभळे असतात. फ्लोरिडातलं सेंट पीटर्सबर्ग शहर १९७७ पासून हे करतंय. आणि फ्लोरिडा म्हणजे तर निवृत्तांचंच राज्य. नामिबियाची राजधानी विंडहुक १९६८ पासून मैलापाणी शुद्ध करून पितेय. पितेय! आपल्याकडे गवताला घालायचं म्हटलं तर एवढा गहजब.

त्यात मेख अशी आहे की तिथले निकष कडक आहेत आणि आपल्याकडे प्लांट बऱ्याचदा कागदावर चालतात. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत बाहेर पडणाऱ्या पाण्याचं बीओडी, म्हणजे त्यात उरलेल्या कुजणाऱ्या घाणीचं माप, महानगरांत लिटरला २० आणि इतरत्र ३० मिलिग्रॅमच्या आत हवं असं आहे, विष्ठेतल्या जिवाणूंची मर्यादा शंभर मिलिलिटरला १००० च्या खाली. आईच्या संकुलाचा शेवटचा तपासणी अहवाल मी मागितला. फाइल सापडली, अहवाल सापडला नाही. त्यामुळे 'आमचं पाणी सुरक्षित आहे' असं कमिटीनं छातीठोकपणे सांगण्यात अर्थ नाही. कारंज्याच्या बारीक तुषारांतून जंतू श्वासात जाऊ शकतात आणि म्हाताऱ्या माणसांची प्रतिकारशक्ती कमी असते, ही शंका खुळचट नाही. फवारे पहाटे चार वाजता चालवा, लोक फिरतात तेव्हा नको. जिथे जमेल तिथे ठिबक घाला. हे त्या मेसेजमध्ये असतं तर मीच दहा जणांना पाठवला असता.

डेंग्यूचं उत्तर एका ओळीत. डेंग्यूचा डास मैलापाण्याचा शौकीन नाही, त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. आईच्या गॅलरीत मनीप्लँटची बाटली आहे आणि कुंड्यांखाली ताटल्या आहेत. तिथे बघा.

तुळशीबद्दल मी आईशी वाद घालत नाही. तिची कुंडी गॅलरीत आहे, तिला नळाचं पाणी मिळतं. बागेतला कढीपत्ता आणि कोथिंबीर मात्र या पाण्यावर वाढवून कच्ची खाऊ नये, हे मीही म्हणेन. कारण विटाळ नाही, जंत.

आणि 'त्यापेक्षा बोअरचं पाणी द्या' असं म्हणणाऱ्यांसाठी तेवढा हिशेब. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं सुमारे ८० टक्के मैलापाणी होऊन परत येतं. दोनशे घरांत चारशे माणसं धरली तर रोज ४३,००० लिटर. म्हणजे दहा हजारी टँकर चार. बाग सगळं पीत नाही, पण उन्हाळ्यात बरंच पिते. एप्रिलमध्ये बोअर आटली की ते पाणी कुठून आणणार, हे ग्रुपवर कुणी लिहिलेलं नाही.

राहता राहिला फाटकाजवळचा वास. आई म्हणत होती की एसटीपी मागे आहे, पण सगळ्यात जास्त घाण फाटकापाशी येते, अगदी संडासासारखी. मी जाऊन उभी राहिले. खरंच येत होती. ड्रेनेजची चेंबर उघडून पाहिली, कोरडी. मग वर पाहिलं. जंगली बदाम! बिनपानांचं झाड, फांद्यांच्या टोकांना तांबूस फुलांचे झुबके. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललं की याच्याखाली उभं राहवत नाही. त्याचं शास्त्रीय नाव स्टर्क्युलिया फेटिडा. स्टर्क्युलियस हा रोमन लोकांचा शेणखताचा देव, आणि फेटिडा म्हणजे दुर्गंधी. नाव ठेवणाऱ्यानं काही शिल्लकच ठेवलं नाही. ऑक्टोबरमध्ये सप्तपर्णी फुलेल तेव्हा पुन्हा डोकेदुखीचे मेसेज येतील, त्याची तयारी ठेवा म्हटलं.

हे सगळं मी आईला सांगितलं, आणि आईनं ग्रुपवर लिहिलं. तिच्या शब्दांत, म्हणजे ॲसिडचा मुद्दा पहिला आणि ठळक. चार जणांनी हात जोडले. बी विंगमधून विचारणा झाली की ब्लोअरला आवाज कमी करणारी पेटी बसवता येते का. येते. झाकणाचं काम सोमवारी होणार आहे.

आज सकाळी परत फोन. "अगं, ते झाड तोडायचा ठराव आलाय ग्रुपवर. सतरा जणांनी अंगठा दिलाय."

तिला सांगितलंय की १९७५ च्या झाडांच्या कायद्यानं वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येणार नाही, आणि पंधरा-वीस दिवसांत फुलं आपोआप गळून जातील. ती म्हणाली, थांब, लिहून घेते, सन कुठलं म्हणालीस?