दोन तारे, '९ मिमी मकारोव पुंगळ्या, २०० नग': दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही अभिप्राय मराठीत लिहिला आहे, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. तुमच्या तक्रारी अशा: पुंगळ्यांच्या (काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यांच्या) बुडावर '९ मिमी लुगर' लिहिलेलं आहे, म्हणजे फसवणूक. लांबी १८.०० ते १८.०८ मिमी भरते, १८.१ नाही. गोळी बसवल्यावर पुंगळीला मध्येच फुगवटा येतो आणि काडतूस चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) जात नाही. वीसपैकी तीन काडतुसं पहिल्या ठोक्याला उडाली नाहीत, त्यातली दोन दुसऱ्या ठोक्याला उडाली. बंदुकीची दारू किती घालायची, या प्रश्नाला आम्ही उत्तर दिलं नाही. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, 'डाय माझ्याकडे ९ मिमीची होतीच, तीच वापरली.'

डाय म्हणजे पुंगळीला माप देणारा साचा. सगळ्याचं मूळ त्या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून आधी तिथेच येतो.

लुगर आणि मकारोव या दोन वेगळ्या काडतुसांना ९ मिमीच म्हणतात, पण लुगरची गोळी ९.०१ मिमी आणि मकारोवची ९.२७ मिमी व्यासाची असते. पुंगळीचं बूड दोघांचं जवळपास सारखं, ९.९३ आणि ९.९५. तोंडाशी मात्र लुगरचं काडतूस ९.६५ पर्यंत निमुळतं होतं, तर मकारोवचं ९.९१ म्हणजे जवळजवळ सरळ राहतं. लुगरची सायझिंग डाय (पुंगळी आवळून मापात आणणारी) पुंगळीचं तोंड ९.०१ च्या गोळीसाठी आवळते. तिच्या संचातला एक्स्पांडरही (तोंड रुंद करणारा दांडा) त्याच गोळीच्या मापाचा, त्यामुळे तोंड पुरेसं उघडत नाही. अशा तोंडात ९.२७ ची गोळी दाबली की शिशाचे कपचे निघतात, गोळी तिरकी शिरते आणि तिचं बूड जिथे थांबतं तिथे पितळ बाहेर येतं. हाच तुमचा फुगवटा. तो एका बाजूला जास्त दिसत असेल, तर गोळी तिरकी बसली हे नक्की.

याहून गंभीर गोष्ट क्रिंपची, म्हणजे गोळीभोवती तोंड आवळण्याची आहे. लुगरच्या क्रिंप डायमध्ये कार्बाइडची कडी असेल, तर ती अख्खं काडतूस दाबून लुगरच्या मापात आणायला बघते. पितळ थोडं परत फुलतं, शिसं फुलत नाही. त्यामुळे आतली गोळी बारीक होऊन सैल पडते. मॅगझिनमधून चेंबरकडे जाताना तिचं टोक रॅंपवर (चेंबरपुढच्या उतारावर) आपटलं की ती आत सरकते, दारूसाठीची जागा कमी होते आणि दाब झपाट्याने वाढतो. म्हणून कळकळीची विनंती: त्या संचावर भरलेली उरलेली काडतुसं पिस्तुलात घालू नका. डोळ्यांना चष्मा लावून हातोडीसारख्या पुलरने गोळ्या काढा. ती दारू डब्यात परत ओतू नका. गोळ्या मोजा, ९.२५ पेक्षा बारीक झालेल्या वितळवायच्या शिशात टाका. पुंगळ्या वाया गेलेल्या नाहीत. मकारोवच्या एक्स्पांडरने तोंड पुन्हा उघडतं. डाय आम्ही विकत नाही. कोणत्याही कंपनीची घ्या, फक्त डब्यावर ९×१८ मकारोव लिहिलेलं पाहा. शेलहोल्डर (पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) मात्र तुमचा लुगरचाच चालेल.

योग्य संचावर काम असं करा. तोंड इतकंच उघडा की गोळीचं बूड हाताने अर्धा ते एक मिमी आत उभं राहील. गोळी बसवणं आणि क्रिंप करणं वेगवेगळ्या टप्प्यांत ठेवा. क्रिंप टेपरच (तोंड नुसतं आवळणारा) हवा, रोल (कड आत वळवणारा) नको. मकारोवचं काडतूस चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकतं; ती कड आत वळवली तर टेकायला काही उरत नाही. काडतुसाची एकूण लांबी २५ मिमीच्या वर जाऊ देऊ नका. मग चेंबरमध्ये टाकून पाहा. मकारोव पिस्तुलाची नळी फ्रेमला पिनने पक्की असते, इतर पिस्तुलांसारखी सुटी काढता येत नाही. म्हणून मॅगझिन काढा, स्लाइड उतरवा, नळीचं तोंड खाली धरा आणि काडतूस वरून सोडा. ते स्वतःच्या वजनाने ठप्पकन बसलं पाहिजे आणि फ्रेम उलटी केल्यावर आपोआप बाहेर पडलं पाहिजे.

आता बुडावरचा शिक्का. मकारोवच्या नव्या पितळी पुंगळ्या कमी मिळतात. अमेरिकेने रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने सप्टेंबर २०२१ पासून बंद केल्यापासून स्वस्त काडतुसंही कमी झाली. आम्ही १९.१५ मिमी लांबीची लुगरची पुंगळी कापून १८.१ च्या आत आणतो. पाकिटावर 'लुगरपासून कापलेल्या' असं छापलेलं आहे. बूड आम्ही घासत नाही, कारण त्याने ते पातळ होतं. तुम्ही भरलेल्या काडतुसांच्या बुडावर पक्क्या शाईचा रंग लावा आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत मकारोव लिहा, म्हणजे ती चुकून कोणाच्या लुगर पिस्तुलाकडे जाणार नाहीत. .३८० या दुसऱ्या पिस्तुली काडतुसाच्या पुंगळ्या का वापरत नाही, असंही काहीजण विचारतात. त्यांचं बूड साडेनऊ मिमी आणि लांबी १७.३, या चेंबरमध्ये त्या फुगतात.

लांबीबद्दल: १८.१ ही कमाल मर्यादा आहे, किमान नाही. पाकिटावर आम्ही १७.९५ ते १८.१० लिहितो, आणि तुम्ही मोजलेल्या सगळ्या पुंगळ्या त्यात बसतात. कापलेल्या पुंगळीत खरी अडचण भिंतीच्या जाडीची असते. पितळ तोंडाकडून बुडाकडे जाड होत जातं, आणि एक मिमी कापल्यावर तोंड त्या जाड भागाजवळ येतं. ९.२७ ची गोळी आणि दोन्ही बाजूंना ०.३१ ची भिंत मिळून ९.८९ होतात, म्हणजे ९.९१ च्या आत. म्हणून ०.३१ पेक्षा जाड पुंगळी आम्ही बाजूला काढतो. मात्र कोटिंग केलेली ओतीव गोळी ९.३० भरत असेल तर हीच बेरीज ९.९२ होते आणि काडतूस अडतं. अशी गोळी वापरणार असाल तर ऑर्डरमध्ये तसं लिहा, पातळ भिंतीच्या पुंगळ्या निवडून देऊ. आतल्या बाजूला पायरी असलेल्या पुंगळ्याही आम्ही टाकून देतो. त्या पायरीपाशी तुटतात.

पहिल्या ठोक्याला न उडालेलं काडतूस दुसऱ्याला उडालं, तर बहुतेक वेळा प्रायमर (बुडातली, ठोक्याने पेटणारी टोपी) पूर्ण बसलेला नसतो. पहिल्या ठोक्याची ताकद तो खाली ढकलण्यात जाते. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा ०.०८ ते ०.१३ मिमी आत हवा. बोट फिरवलं तर खड्डा लागला पाहिजे. मकारोव पिस्तुलाची फायरिंग पिन (प्रायमरवर आदळणारी सुई) स्प्रिंगशिवाय मोकळी असते, त्यामुळे वर राहिलेला प्रायमर नुसता न उडण्यापुरता राहत नाही, स्लाइड बंद होतानाच उडण्याचा धोकाही असतो. जुन्या बल्गेरियन पिस्तुलात पिनच्या भोकात साठवणुकीचं ग्रीसही अनेकदा उरतं. सेफ्टीचा खटका वर फिरवून बाहेर ओढला की पिन निघते. भोक कोरडं पुसा, तेल घालू नका. आणि काडतूस उडालं नाही तर लगेच दुसरा ठोका मारू नका, नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबा.

त्यापेक्षा जुन्या स्टीलच्या पुंगळ्या भरल्या असत्या, असं तुम्ही म्हणता. रशियन स्टीलच्या पुंगळ्यांना बहुतेक बर्डान प्रायमर असतो, त्यात मधोमध एका भोकाऐवजी बाजूला दोन भोकं असतात. जुना प्रायमर ढकलून काढणारी डायची पिन त्यात मोडते.

दारूचं माप आम्ही कोणालाच लिहून देत नाही, आणि ते तसंच राहील. दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधलं मकारोवचं पान वापरा, तुमच्याच वजनाच्या गोळीसाठी, सर्वांत खालच्या मापापासून. लुगरचं पान वापरू नका: सीआयपीच्या (काडतुसांची मापं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) मापात लुगरची दाबाची मर्यादा २३५० बार आहे, मकारोवची १६००. पिस्तुलाची जलद दारू पुंगळी अर्धीही भरत नाही, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी मावते. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून पाहा.

भारतातल्या वाचकांसाठी: तिथे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार गुन्हा आहे. आम्ही अमेरिकेबाहेर काहीही पाठवत नाही.

तुमच्याकडच्या न वापरलेल्या पुंगळ्यांपैकी वीस आम्हाला परत पाठवा, टपालखर्च आमचा. त्यात एकही पुंगळी १७.९५ ते १८.१० च्या बाहेर किंवा ०.३१ पेक्षा जाड निघाली, तर अख्ख्या पाकिटाचे पैसे परत देऊ. प्रायमर बसवलेली पुंगळी किंवा भरलेलं काडतूस पाकिटात घालू नका, अमेरिकन टपाल ते स्वीकारत नाही. पाकिटासोबत तुमची एक गोळीही द्या, तिचा व्यास मोजून कळवतो.